लिंकन कुटुंबाने तीन वेळा बस्तान का हलवलं? आधी जमिनीचे कागद पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे : अब्राहम लिंकनच्या घराण्याने पन्नासएक वर्षांत व्हर्जिनियातून केंटकी, केंटकीतून इंडियाना आणि इंडियानातून इलिनॉय असा प्रवास केला. शेतकरी माणूस जमीन सोडून असा वारंवार का उठतो? लिंकनचा बाप थॉमस आळशी आणि भटक्या स्वभावाचा होता असं वाचायला मिळतं, ते खरं का? हे स्थलांतर प्रत्यक्षात कसं पार पडायचं? आणि त्या जमिनी आधी कोणाच्या होत्या?

माझी सगळी नोकरी जमीनमोजणी आणि हद्दीच्या वादांत गेली. अमेरिकेच्या सुरुवातीच्या वसाहतींचे जमीनव्यवहार हा गेली बरीच वर्षं माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यामुळे चरित्रकार जिथे माणसाचा स्वभाव शोधतात तिथे माझी नजर आधी खरेदीखताकडे आणि नकाशाकडे जाते. त्या बाजूने पाहिलं, तर थॉमस लिंकनला आळशी ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. केंटकीत पैसे मोजून घेतलेली जमीन त्याच्या हातून गेली, ती कागद कच्चे होते म्हणून. पक्का कागद मिळेल अशा ठिकाणी तो गेला, आणि तिथे चौदा वर्षं टिकला.

सुरुवात आजोबांपासून करावी लागते. त्यांचंही नाव अब्राहमच. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात, रॉकिंगहॅम परगण्यात त्यांची चांगली शेती होती. ती विकून १७८२ च्या सुमारास ते बायकामुलांसह डोंगर ओलांडून केंटकीत आले. तिथे त्यांनी पाच हजार एकरांहून जास्त जमिनीवर हक्क नोंदवले होते. मे १७८६ मध्ये तीन मुलांसोबत शेतात काम करत असताना मूलनिवासींच्या हल्ल्यात ते जागीच मारले गेले. थोरल्या मॉर्डेकायने धावत घरात जाऊन बंदूक उचलली, मधला जोसाया मदत आणायला पळाला, आणि आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताजवळ राहिला. हल्लेखोर त्या पोरापर्यंत पोहोचणार, इतक्यात मॉर्डेकायने घरातून नेम धरून त्या हल्लेखोराला पाडलं.

त्या घराण्यात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. माझ्या मते मात्र थॉमसच्या आयुष्यावर त्याहून मोठा परिणाम झाला तो वारसाकायद्याचा. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तिथे मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची. हा कायदा रद्द करायचं व्हर्जिनियाने १७८५ मध्येच ठरवलं होतं, पण अंमल १७८७ पासून सुरू व्हायचा होता. बाप गेला त्याच्या काही महिने आधी. पाच हजार एकरांच्या घरातला धाकटा मुलगा असा रिकाम्या हाताने मोलमजुरीला लागला. वडिलोपार्जित जमिनीत धाकट्याचा हिस्साच नाही, हे आपल्याकडच्या वाचकाला पटकन पचत नाही. थॉमस कधी शाळेत गेला नाही आणि सही करण्यापलीकडे त्याला लिहिता येत नव्हतं. पुढे तो सुतारकाम शिकला आणि त्या पैशातून जमीन घेऊ लागला.

आता केंटकीच्या मोजणीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे होतं. व्हर्जिनियाने तिथल्या जमिनी आधी मोजून मग विकल्या नाहीत. अमुक एकर घेण्याचा परवाना विकत घ्यायचा, जंगलात जाऊन आवडेल ती जागा स्वतः निवडायची, मोजणीदाराला पैसे देऊन हद्द आखून घ्यायची आणि नोंद करायची, अशी तिथली पद्धत होती. हद्द लिहायची ती झाडांवरून आणि ओढ्यांवरून : पांढऱ्या ओकपासून इतके अंश उत्तरेला इतकं अंतर, तिथून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून खूण केलेल्या दोन झाडांपर्यंत. आपल्या जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवा. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस वाट. शेजारी तोच आणि गाव तेच असेपर्यंत ती पुरते. पण झाड पडलं, ओढ्याने पात्र बदललं आणि शेजारीच मुळात दूर फिलाडेल्फियात बसलेला असला, की कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन यांचा मेळ लागत नाही. केंटकीत एकाच तुकड्यावर दोन-दोन, तीन-तीन हक्क एकमेकांवर चढले होते. केंटकीच्या जंगलात वाट पाडणारा डॅनियल बूनसारखा नावाजलेला माणूससुद्धा तिथल्या आपल्या जमिनी वाचवू शकला नाही आणि १७९९ मध्ये मिसूरीकडे निघून गेला.

थॉमसने हार्डिन परगण्यात एकामागून एक तीन शेतं धरली, आणि तिन्हींचे कागद अडचणीचे निघाले.

पहिलं मिल क्रीकचं, २३८ एकर. १८०३ मध्ये त्याने त्यासाठी ११८ पौंड मोजले. पुढे मोजणीतली चूक उघड झाली, आणि १८१४ मध्ये विकताना त्याला २०० एकरच विकता आले, तेही १०० पौंडांना. ३८ एकर कागदावरच विरले. दुसरं सिंकिंग स्प्रिंगचं, सुमारे ३०० एकर. डिसेंबर १८०८ मध्ये २०० डॉलर रोख देऊन घेतलेलं. इथेच १२ फेब्रुवारी १८०९ ला अब्राहमचा जन्म झाला. ही जमीन थॉमसकडे येण्याआधी दोन-तीन हातांतून फिरली होती. त्यातल्या एकाने मूळ मालकाची थोडी रक्कम चुकती केली नव्हती. मूळ मालक कोर्टात गेला, आणि १८१६ मध्ये कोर्टाने जमीन विकून वसुली करण्याचा हुकूम दिला. मधल्यामध्ये थॉमसची मालकी गेली. आपल्याकडे जमीन घेण्याआधी तीस वर्षांचा शोध घ्या असं वकील बजावतात, ते अशाच प्रकरणांमुळे.

तिसरं नॉब क्रीकचं शेत त्याने १८११ मध्ये धरलं. डोंगरांच्या मधलं सपाट, सुपीक खोरं, वहिवाटीत सुमारे ३० एकर. अब्राहमच्या लहानपणीच्या आठवणी या शेतापासून सुरू होतात. पुढे त्याने सांगितलेली एक आठवण आहे. एका शनिवारी मोठी माणसं मका पेरत होती आणि हा एक आड एक ओळीत, एक आड एक आळ्यात भोपळ्याच्या दोन-दोन बिया टाकत गेला. दुसऱ्या दिवशी वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला. खोऱ्यात थेंबही पडला नाही, पण डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने मका, भोपळ्याच्या बिया आणि वरची माती सगळं धुऊन नेलं.

लोंढा परवडला, कारण पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. १८१५ च्या अखेरीस मात्र बेदखलीचा दावा आला. फिलाडेल्फियातल्या एका जुन्या मालकाच्या वारसांनी दहा हजार एकरांच्या पट्ट्यावर हक्क सांगितला आणि त्यात थॉमससह दहा शेतकरी सापडले. त्यातला थॉमसचा खटला नमुन्यादाखल चालवायचं ठरलं. निकाल १८१८ मध्ये लागला, थॉमसच्याच बाजूने. तोवर तो गाव सोडून दीड वर्ष झालं होतं. मोजणीच्या कामात अशी माणसं मी खूप पाहिली आहेत. दावा जिंकतात, पण तोवर जमिनीवरचं मन उडालेलं असतं.

या माणसाला दरिद्री, नालायक म्हणणाऱ्यांनी १८१४ ची करयादी पाहावी. त्या यादीतल्या ९८ मालमत्ताधारकांत थॉमसचा क्रमांक पंधरावा लागतो. जूरीवर त्याची नेमणूक व्हायची, त्याच्या सुतारकामाला मागणी होती.

मुलाने १८६० मध्ये स्वतःबद्दल जे टिपण लिहिलं, त्यात केंटकी सोडण्याची कारणं दोन दिली आहेत : काही अंशी गुलामगिरी, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीची कटकट. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तोवर लिंकन गुलामगिरीविरोधी राजकारणात पुढे आलेला होता. गुलामगिरीचं कारण आधी लिहिणं त्याला सोयीचं होतं, तरी त्याने जमिनीला अग्रक्रम दिला. गुलामगिरीचं कारणही खरंच होतं. थॉमस आणि त्याची बायको नॅन्सी गुलामगिरीच्या विरोधात असलेल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जात होती. शिवाय गुलाम राबवणाऱ्या जमीनदारासमोर स्वतः नांगर धरणाऱ्याला आणि मजुरीवर सुतारकाम करणाऱ्याला टिकाव धरणं अवघड होतं.

ओहायो नदीच्या पलीकडे दोन्ही प्रश्नांना उत्तर होतं. १७८७ च्या अध्यादेशाने नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई केली होती. १७८५ च्या अध्यादेशाने तिथली जमीन विकण्याआधीच चौकोनात मोजायची ठरली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा मोठा चौकोन, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर. सोळा नंबरचा भाग शाळेसाठी राखीव. मोजणी ६६ फुटांच्या गंटर साखळीने, ८० साखळ्यांचा एक मैल. आपल्या मुंबई इलाख्यात १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदी लागू झाली, तिथेही माप याच घरातलं. साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या बरोबर निम्मी. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावरचा आपला गुंठा आणि लिंकनचं इंडियानातलं शेत मोजणारी साखळी, दोन्ही एकाच इंग्रजी मापपद्धतीतून आलेले आहेत.

इंडियानात जमिनीचं नाव झाडावरून ठरत नव्हतं. थॉमसची जमीन होती भाग ३२ चा नैर्ऋत्य चतकोर, १६० एकर. विक्री करणारं सरकार, नकाशा सरकारचा, हक्काचा कागदही सरकारचाच. मधला कोणी मालक नाही, त्यामुळे कोणाची जुनी थकबाकी अंगावर येण्याची भीती नाही.

१८१६ च्या शरद ऋतूत थॉमस एकटा जाऊन जागा पाहून आला. कोपऱ्यांवर फांद्यांचे ढीग रचून त्याने खूण केली असं सांगतात. डिसेंबरमध्ये सगळं कुटुंब निघालं : थॉमस, नॅन्सी, नऊ वर्षांची सारा आणि सात वर्षांचा अब्राहम. त्याच महिन्याच्या ११ तारखेला इंडियाना राज्य झालं. ओहायो तरीने ओलांडल्यावर लिटल पिजन क्रीकपर्यंतची शेवटची वाट जंगल तोडतच काढावी लागली. डिसेंबरात जाणं वेडेपणाचं वाटेल, पण त्याला शेतकऱ्याचा हिशेब आहे. केंटकीतला मका घरात आलेला असतो, आणि वसंतातल्या पेरणीआधी नव्या जागी झाडं तोडायला दोन-तीन महिने मिळतात. पोचल्यावर आडोसा उभा केला तो तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूला उघडा, आणि त्या उघड्या बाजूला सतत पेटती शेकोटी. नंतर ओंडक्यांचं घर झालं.

जंगलातून शेत कसं निघतं, हे नीट समजून घ्यायला हवं. मोठी झाडं सगळी तोडत बसायला हात पुरत नसत. बुंध्याभोवती सालीचं कडं काढून टाकायचं, म्हणजे झाड उभ्याउभ्या वाळतं, पानं झडतात आणि खाली ऊन पडतं. मग त्या वाळक्या खोडांच्या मधूनच कुदळीने आळी करून मका लावायचा. नांगर नीट चालायला बुंधे कुजावे लागतात, त्याला काही वर्षं जातात. कुंपण मात्र पहिल्याच हंगामात लागतं, कारण डुकरं आणि गुरं मोकळी जंगलात चरायची. तिथे जनावर बांधायचं नसतं, पीक बांधायचं असतं. ओंडक्यात लोखंडी पाचर ठोकून तो उभा चिरायचा, आणि त्या चिरफळ्या नागमोडी एकमेकींवर रचत जायच्या. दहा एकरांना वेढा घालायचा तर हजारोंनी चिरफळ्या लागतात. अब्राहमने लिहिलं आहे की वयाच्या मानाने तो थोराड होता म्हणून आल्याआल्या त्याच्या हातात कुऱ्हाड दिली गेली, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत ती जवळपास सुटली नाही. नांगरणी-कापणीच्या दिवसांत तेवढी थोडी उसंत. आठ वर्षांचा होण्याच्या काही दिवस आधी, बाप घरी नसताना, त्याने ओंडक्यांच्या फटीतून एक रानटर्की मारला. त्यानंतर मोठ्या सावजावर कधीच बंदूक चालवली नाही, असंही तो लिहितो. घरात मांस शिकारीचंच असायचं, हे लक्षात घेतलं तर ही छोटी गोष्ट नाही.

१८१८ च्या उन्हाळ्याअखेर दुधाचा आजार आला. जंगलाच्या सावलीत पांढऱ्या फुलांची एक वनस्पती वाढते. गवत कमी पडलं की गाई ती खातात, तिचं विष दुधात उतरतं. आधी जनावराला कापरं भरतं, मग ते दूध प्यायलेला माणूस ओकाऱ्यांनी आणि अशक्तपणाने काही दिवसांत जातो. कारण माहीत नसल्याने लोक दूध बंद करण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. विषाची रासायनिक ओळख पटायला १९२० चं दशक उजाडलं. आधी नॅन्सीची मावशी आणि मावशीचा नवरा गेले. ५ ऑक्टोबर १८१८ ला नॅन्सी गेली, वय अवघं ३४ च्या आसपास. थॉमसने स्वतः फळ्या कापून तिची शवपेटी केली.

स्थलांतराच्या कथांत बाईचं काम नेहमी निसटतं, म्हणून इथे थोडं थांबतो. नॅन्सीनंतरचं वर्ष या घराने कसंबसं काढलं. अकरा वर्षांची सारा स्वयंपाक करत होती. सूत, कपडा, साबण, मेणबत्त्या, सुकवलेलं मांस, सगळं घरातल्या बाईवर अवलंबून असताना ती नसणं म्हणजे शेत असूनही संसार नसणं. थॉमस केंटकीला परत गेला आणि २ डिसेंबर १८१९ ला सारा बुश जॉन्स्टन या ओळखीतल्या विधवेशी लग्न करून तिला तीन मुलांसह घेऊन आला. चार घोड्यांच्या गाडीत तिचं सामान होतं : कपाट, टेबल, खुर्च्या, चरखा, बिछाने. तोवर त्या घराला लाकडी जमीनसुद्धा नव्हती. तिने आल्यावर ती घालून घेतली, दारं-खिडक्या नीट करून घेतल्या आणि पाचही मुलांना एकाच पंगतीत वाढवलं. अब्राहमचं वाचन तिने जपलं. तिच्याविषयी तो आयुष्यभर प्रेमाने बोलत राहिला.

आता पैशांचं. सरकारी दर एकरी २ डॉलर, म्हणजे १६० एकरांचे ३२०. चौथा हिस्सा आधी, बाकी चार वर्षांत. थॉमसने १८१७ मध्ये व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत ऑक्टोबरला १६ आणि डिसेंबरला ६४ असे ८० डॉलर भरले. पुढे १८१९ ची मंदी आली, धान्याचे भाव कोसळले आणि पश्चिमेकडचे हजारो शेतकरी हप्त्यांत अडकले. १८२० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, उधारी बंद केली, दर सव्वा डॉलरवर आणला, आणि नंतर जुन्या थकबाकीदारांना जमिनीचा काही भाग परत करून बाकीची फेड मिटवायची सवलत दिली. थॉमसने १८२७ मध्ये पूर्वेकडचे ८० एकर सोडून दिले आणि पश्चिमेकडच्या ८० एकरांचा पक्का कागद घेतला. अर्धी जमीन गेली म्हणून चरित्रकार त्याला नापास करतात. मी म्हणेन, कर्जाखाली १६० एकर ठेवण्यापेक्षा निर्वेध ८० एकर घेणारा शेतकरी शहाणा. केंटकीत तो काय भोगून आला होता ते पाहिलं की हा निर्णय आणखी नीट कळतो.

मग इलिनॉय कशाला? इथे माझं कागदाचं उत्तर पुरत नाही, हे मान्यच करायला हवं. दुधाचा आजार परत आल्याची बोलवा उठली होती. मुलगी सारा १८२८ च्या जानेवारीत बाळंतपणात गेली होती. नात्यातला जॉन हँक्स इलिनॉयहून तिथल्या काळ्या मातीची वर्णनं पाठवत होता. सावत्र मुलींचे संसार सोबत निघणार होते. फेब्रुवारी १८३० मध्ये थॉमसने जमीन १२५ डॉलरला विकली, आणि १ मार्चला तेरा माणसांचा गोतावळा बैलगाड्यांतून निघाला. एक गाडी अब्राहम हाकत होता. त्याला नुकतं एकविसावं संपलं होतं, म्हणजे कायद्याने आता त्याची मजुरी बापाची नव्हती. वाट रात्री गोठायची आणि दिवसा चिखल व्हायची. मेकन परगण्यात, सँगमन नदीच्या उत्तर काठावर, जंगल संपून गवताळ माळ सुरू होतो त्या सीमेवर त्यांनी घर बांधलं. लाकूड जवळ आणि झाडं न तोडता नांगरता येईल अशी जमीनही जवळ, अशी ती निवड होती. दहा एकरांना कुंपण घालून मका केला. शरदात सगळे हिवतापाने आडवे झाले, आणि पाठोपाठ इलिनॉयच्या इतिहासात नोंदला गेलेला प्रचंड बर्फाचा हिवाळा आला. १८३१ च्या वसंतात थॉमस कोल्स परगण्यात गेला. तिथेच १८५१ मध्ये वारला. अब्राहम मात्र त्याच्यासोबत गेला नाही. तो नदीमार्गे मजुरीवर निघाला आणि इलिनॉयमधल्याच न्यू सेलम गावात स्थिरावला.

उरला शेवटचा प्रश्न, आधीच्या मालकांचा. थॉमसने घेतलेल्या इंडियानातल्या जमिनीवरचा मूलनिवासींचा हक्क डेलावेअर आणि पियांकेशॉ लोकांकडून १८०४ च्या व्हिन्सेन्स तहांनी सोडवून घेतला होता. थॉमसचा पक्का कागद या तहावर उभा होता. इलिनॉयमध्ये तसाच १८०४ चा दुसरा तह होता, सॉक आणि मेस्क्वाकी लोकांशी केलेला. मोजक्या लोकांनी केलेला तो करार सॉक नेता ब्लॅक हॉकला मान्य नव्हता. त्याची माणसं नुसती शिकार करणारी नव्हती. रॉक नदीकाठी त्यांचं मोठं गाव आणि मक्याची विस्तीर्ण शेतं होती. १८३२ च्या एप्रिलमध्ये हजारभर बायकामुलं-माणसं घेऊन तो मिसिसिपी ओलांडून परत आला. ऑगस्टमध्ये बॅड अॅक्स नदीच्या मुखाशी त्यातल्या शेकडो लोकांची कत्तल झाली. तेवीस वर्षांचा अब्राहम त्या मोहिमेत इलिनॉयच्या स्वयंसेवक सैन्यात होता, काही काळ तुकडीचा कप्तान होता, पण प्रत्यक्ष लढाईत सापडला नाही.

त्या सेवेबद्दल सरकारने त्याला पुढे दोन जमीन-परवाने दिले. एकावर आयोवातल्या टामा परगण्यात ४० एकर मिळाले, दुसऱ्यावर क्रॉफर्ड परगण्यात १२०. एकूण १६०, बापाने इंडियानात धरली होती तेवढीच. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मे १८६२ मध्ये त्याने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षं वस्ती करून जमीन कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन जवळपास फुकट मिळण्याची सोय त्यात होती. मेस्क्वाकींची आयोवातली जमीन तोवर सरकारकडे गेली होती, आणि त्यांना तिथून कॅन्सासला हलवलं गेलं होतं. त्यातल्या काहींनी वर्गणी काढली आणि १८५७ मध्ये त्याच टामा परगण्यात ८० एकर विकत घेतले, हजार डॉलरला. एकरी साडेबारा डॉलर पडले. खरेदीखत त्यांच्या नावावर झालं नाही, ते राज्याच्या गव्हर्नरच्या नावे विश्वस्त म्हणून करावं लागलं. ती वस्ती आजही तिथे आहे आणि नंतरच्या खरेद्यांनी ती हजारो एकरांची झाली आहे.